सही नको, तपासणी हवी

संपादक महोदय,

लष्करी वाहनाच्या अपघाताची बातमी आली की चर्चा होते ती रस्त्याची आणि वेगाची. गाडी निघण्याआधी काय तपासले होते, हे फारसे कोणी विचारत नाही. मी सैन्यात अवजड वाहने चालवली आहेत, म्हणून लिहितो.

तपासणी तीनदा करायची असते: निघण्यापूर्वी, चालवताना आणि परतल्यावर. दमलेला चालक टाळतो ती तिसरी, आणि खरे दुखणे कळते तेही तिथेच. गाडी थांबताच हाताची मागची बाजू प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, न्यावी. एकच हब जास्त तापला असेल, तर बेअरिंग निकामी होत चालले आहे किंवा ब्रेक धरून बसला आहे. चाकाच्या नटापासून गंजाची रेघ निघालेली दिसली, तर नट ढिला असल्याची शंका घेऊन पाना लावावा. एअर ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत साचलेले पाणी रोज बाहेर सोडावे. कडाक्याच्या थंडीत तेच व्हॉल्व्हमध्ये गोठते.

गळतीची अमेरिकी लष्कराची वर्गवारी मला फार पटते. नुसता ओलावा हा पहिला वर्ग, थेंब धरतो पण पडत नाही तो दुसरा, पडला की तिसरा, आणि तो वरिष्ठांना कळवावाच लागतो. इंधनाची गळती मात्र थेंबभरही खपवून घेऊ नये.

अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती: या कामाला वेळापत्रकात स्वतंत्र वेळ द्या, तपासणीच्या तक्त्यावर सही गाडीपाशी उभे राहून करा आणि दोष लिहिणाऱ्या चालकावर चिडू नका.

– एक निवृत्त सैनिक चालक