ॲक्टिंगपलीकडचं एफटीआयआय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावी-पदवीचे निकाल लागले की करिअर पुरवण्यांमध्ये इंजिनिअरिंग, मेडिकल, फार तर बीबीए, पण आपल्याच पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयबद्दल (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) दोन ओळी पण धड नसतात हो. आल्या तरी जया भादुरी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी इथलेच, एवढंच. म्हणजे लोकांना वाटतं तिथे फक्त ॲक्टिंग शिकवतात!

१९३३ मध्ये प्रभात ही सिनेमे काढणारी कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली, ती बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० मध्ये केंद्र सरकारने ही संस्था काढली, टीव्हीचं ट्रेनिंग १९७४ मध्ये दिल्लीहून इकडे आलं. प्रभातच्या जुन्या स्टुडिओत आजही पोरं सेट लावून शूटिंग करतात, नुसतं थिअरी घोकणं नाही.

आता मुद्दा असा की डिरेक्शन, कॅमेरा, एडिटिंग, साउंड हे तीन वर्षांचे कोर्सेस, टीव्हीचे एक वर्षाचे, शिवाय आर्ट डिरेक्शन, स्क्रीनप्ले वगैरे आहेतच आणि बहुतेकांना पदवी कुठल्याही शाखेची चालते, हे लातूर-गडचिरोलीच्या पोराला सांगणार कोण? रसूल पूकुट्टी इथूनच साउंड शिकले आणि २००९ मध्ये ऑस्कर घेऊन आले, पण साउंड हे करिअर असू शकतं हेच आपल्याकडे पालकांच्या गळी उतरत नाही (आमच्या घरी पण तेच!).

तेव्हा प्रवेश परीक्षेची माहिती फॉर्म सुटायच्या आधी छापा, शेवटच्या तारखेनंतर नको, एवढीच विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे