मुलांचा लांबलेला ताप आणि रक्ततपासणी

माननीय संपादक,

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी माझ्या पुतण्याला दीड महिना ताप येत-जात होता. मार न लागताही नडगीवर निळे डाग उठत होते, तरी अशक्तपणा समजून टॉनिकवरच भागवले गेले. अखेर बेळगावात रक्त तपासले, तेव्हा पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) फार कमी निघाल्या, आणि अस्थिमज्जेच्या (हाडांतील मगजाच्या) तपासणीने रक्ताचा कर्करोग निश्चित झाला. मुलांमध्ये हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि त्याचा पहिला इशारा बहुधा रक्तपेशी मोजण्याच्या स्वस्त तपासणीत मिळतो. मात्र काचपट्टीवर पसरलेल्या रक्तातील पेशी जाणकाराने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हव्यात. रक्ततपासणीचा उपयोग इतर कर्करोगांतही होतो: यकृताच्या काही गाठींत अल्फा-फीटोप्रोटीन या प्रथिनाची रक्तातील पातळी उपचार लागू पडतो आहे की नाही, हेही दाखवते. गाठीचा रक्तात उतरलेला डीएनए शोधण्याची नवी पद्धत आशादायक आहे, पण ती अजून बायोप्सीची (गाठीचा तुकडा काढून तपासण्याची) जागा घेऊ शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत कर्करोग झालेली किमान ६० टक्के मुले वाचवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी खानापूर, निपाणी, चिकोडी येथील सरकारी दवाखान्यांत लांबलेला ताप व फिकटपणा दिसताच रक्तपेशींची ही तपासणी त्याच दिवशी व्हावी आणि सीमाभागातील पालकांना तिचा अर्थ मराठीतूनही समजावून सांगितला जावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर