पॅकअप झाल्यावर पगडी कुठे जाते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुने लाल चमकीचे बूट सव्वातीन कोटी डॉलरला विकले गेले म्हटल्यावर आमच्या कट्ट्यावर सगळे 'पैसा जास्त झालाय लोकांना' म्हणून मोकळे झाले. 'द विझार्ड ऑफ ऑझ' (१९३९) मध्ये ज्युडी गार्लंडने घातलेले ते बूट, लिलाव डिसेंबर २०२४ मधला. मला किमतीपेक्षा त्याची मधली स्टोरी भारी वाटते. शूटिंगसाठी या बुटांचे एकाहून जास्त जोड होते, ते नंतर वर्षानुवर्षं स्टुडिओत धूळ खात पडलेले, १९७० मध्ये एमजीएम स्टुडिओने कपडे-प्रॉपर्टी (म्हणजे शूटिंगला वापरलेल्या वस्तू) सगळं लिलावात काढलं तेव्हा केंट वॉर्नर नावाच्या कपडेपटातल्या माणसाने ते शोधून काढले, एक जोड १५ हजार डॉलरला गेला आणि बाकीचे तो घरी घेऊन गेला. नियमात बसत नाही, पण वाचले ना! त्यातलाच एक, म्हणजे आता विकला गेलेला हाच जोड, २००५ ला मिनेसोटातल्या म्युझियममधून चोरीला गेला, चोराला वाटलं खरी माणकं, निघाल्या टिकल्या. २०१८ ला एफबीआयला सापडल्यावर कळलं की वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममधल्या जोडाचा आणि याचा डावा-उजवा अदलाबदल झालाय.

आपल्याकडे चेंबूरच्या आर.के. स्टुडिओला सप्टेंबर २०१७ मध्ये आग लागली, त्यात नर्गिसपासूनच्या हिरॉइन्सचे कपडे, 'मेरा नाम जोकर'चा मुखवटा, सगळं गेलं. आणि त्यांनी निदान जपून तरी ठेवलं होतं.

माझा मामेभाऊ सिरियलच्या आर्ट डिपार्टमेंटला आहे. तो सांगतो, शेवटचं पॅकअप झालं की भाड्याचा माल सप्लायरकडे परत, प्लाय सोडवून दुसऱ्या सेटला, कपडे उसवून पुढच्या आर्टिस्टच्या मापाला. एका ऐतिहासिक सिरियलमधली सरदाराची पगडी नंतर शाळांच्या गॅदरिंगला भाड्याने फिरत होती, आतल्या पट्टीवर मूळ नटाचं नाव मार्करने लिहिलेलं, तेही घामाने पुसट झालेलं. यात कुणाची चूक नाही हो, गोडाऊनचं भाडं प्रोड्युसरने किती दिवस भरायचं?

पुण्यात एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात प्रभात फिल्म कंपनीचं म्युझियम आहे, मुंबईत पेडर रोडला २०१९ पासून सिनेमाचं नॅशनल म्युझियम आहे, पण आज जे शूट होतंय त्यातलं तिथे कोण नेऊन देतंय? सरकार मराठी पिक्चरला अनुदान देतं ना, मग त्यातच अट घाला, की एक ड्रेस, एखाद-दुसरी प्रॉपर्टी आणि सेटची ड्रॉइंग्ज गोरेगावच्या चित्रनगरीत जमा करा, त्याशिवाय चेक नाही. सोबत कागद हवाच, कुठला सीन, कुणी वापरलं, कुणी बनवलं. कागद नसला तर ती नुसती जुनी पगडी. वाळवीचं आणि गळक्या छताचं काय ते सरकारने बघावं, फक्त आग लागली तर जाऊ नये म्हणून हे सगळं परत शूटिंगच्या फ्लोअरला लागून ठेवू नका म्हणजे झालं.

आपला,
एक वाचक, डोंबिवली