३९ डॉलर ६० सेंट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘इट हॅपन्ड वन नाइट’वरचा लेख वाचला. इतक्या जुन्या चित्रपटाला आपण अर्धे पान दिलेत, बरे वाटले. पण श्रीमंत मुलगी, फाटका तरुण आणि शेवटी प्रेमाचा विजय एवढ्यावरच लेख आटोपला, म्हणून हे पत्र. फ्रँक काप्राचा १९३४ सालचा हा चित्रपट मला आवडतो तो त्यातल्या पैशांच्या हिशेबासाठी.

काळ अमेरिकेतल्या महामंदीचा. कोट्यधीशाची मुलगी एली बापाच्या बोटीवरून पाण्यात उडी टाकून पळते आणि न्यूयॉर्कच्या बसमध्ये चढते. शेजारी नोकरी गेलेला बातमीदार पीटर. त्याच बसमध्ये एक बाई उपाशीपोटी चक्कर येऊन पडते, तिचा मुलगा रडू लागतो. जवळचे पैसे त्या पोराला दिल्यावर हे दोघेही कफल्लक. मग पीटर कुठून तरी कच्ची गाजरे आणतो. एली आधी नाक मुरडते, पण भुकेपुढे अखेर तेच गाजर खाते.

गेल्या दिवाळीत आईला हा चित्रपट घरी दाखवला. तिला इंग्रजी येत नाही, थांबवून थांबवून अर्थ सांगत होतो. मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी अंघोळीसाठी बायकांची रांग लागलेली असते. एली सरळ पुढे जाते, बायका तिला मागे पाठवतात, वर एक चिमुरडी तिला जीभ काढून दाखवते. आई म्हणाली, “आमच्या चाळीत नळावर कुणी मध्ये घुसलं की अस्संच!” तिथे मला काहीही समजावून सांगावे लागले नाही.

मुलीचा ठावठिकाणा सांगणाऱ्याला बापाने १०,००० डॉलरचे बक्षीस लावलेले असते. पीटर त्याला भेटतो आणि मागतो फक्त ३९ डॉलर ६० सेंट. वाटखर्चापायी गेलेला कोट, सुटकेस, टोपी, सदरे, सगळे यादीत मांडलेले. त्याहून एक सेंटही जास्त नको. बाप मुरलेला धंदेवाला, माणूस तिथेच ओळखतो आणि विचारतो, माझ्या मुलीवर प्रेम आहे का तुझे? प्रेमाची कबुली अशी खर्चाच्या यादीतून आलेली मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेली नाही.

याच भेटीत, हिला रोज एक ठोसा लगावणारा नवरा हवा, असेही पीटर म्हणतो. ते मला फार खटकते आणि लेखात त्याचा उल्लेख यायला हवा होता.

या चित्रपटाला चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा अशी पाचही प्रमुख ऑस्कर मिळाली. याच कथेवरून आपल्याकडे ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) निघाले. आईला नर्गिसच्या ‘चोरी चोरी’ची गाणी आजही पाठ आहेत. गावोगावच्या फिल्म सोसायट्यांनी मूळ चित्रपट मराठी सबटायटल्ससह दाखवावा, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. आईच्या वयाची बरीच माणसे येतील.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे