दिवाळीचा किल्ला मोडायच्या आधी त्यावर एकदा खेळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीत तुमच्या पेपरात पोरांनी केलेल्या किल्ल्यांचे फोटो आले होते, ते मी कापून ठेवलेत. पण एक गोष्ट मला दरवर्षी खटकते म्हणून लिहितोय. पोरं आठ आठ दिवस माती कालवतात, विटांवर गोणपाट टाकतात, अळीव पेरतात, मावळे मांडतात आणि मग परीक्षक येतात, पाच मिनिटं बघतात, नंबर लागतो, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सगळं घमेल्यात. त्या मावळ्यांना मधे कुणी एकदाही जागेवरनं हलवत नाही.

मी ४७ वर्षांचा आहे, एमआयडीसीत नोकरीला आहे आणि गेली नऊ वर्षं रविवारी संध्याकाळी मी मावळे हलवतोय. याला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. टेबलावर डोंगर, ओढे, तटबंदी मांडायची, दोन्हीकडं छोटे शिपाई उभे करायचे, टेपनं इंच मोजून त्यांना पुढं न्यायचं आणि बंदूक लागली का नाही ते फाश्यावर ठरवायचं. प्रशियाच्या, म्हणजे जुन्या एका जर्मन राज्याच्या, सैन्यानं १८२४ मध्ये असलाच खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला होता आणि १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं घरातल्या फरशीवर खेळायचे नियम लिहून त्याचं पुस्तक काढलं, म्हणजे हे काही आजचं फॅड नाही.

आमचं आवडतं टेबल म्हणजे आपला अजिंक्यतारा. औरंगजेबाचा वेढा १६९९ च्या डिसेंबरात पडला आणि किल्ला गेला २१ एप्रिल १७०० ला, प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. आता आमचे शिपाई २८ मिमीचे, त्या मापात सगळा डोंगर करायचा म्हटलं तर पाच मीटरच्या वर जाईल, छत फोडावं लागेल! म्हणून आम्ही फक्त मंगळाईचा बुरूज आणि त्याखालचा उतार करतो, थर्माकोल, फेविकॉल आणि कृष्णेची चाळलेली वाळू. खेळातली एक फेरी म्हणजे वेढ्यातला एक आठवडा. पाऊस सुरू होईपर्यंत किल्ला टिकला तर मराठ्यांची सरशी, कारण सह्याद्रीच्या पावसात वेढा चालवणं मोगलांना जड होतं. आणि सुरुंग! १३ एप्रिलला पहिल्या सुरुंगानं बुरूज उडाला, मराठे दगावले, मोगल पुढं घुसायला लागले आणि दुसऱ्या स्फोटात तट त्यांच्याच अंगावर आला, हजारावर माणूस गेलं असं सांगतात. हे मी शाळेत वाचलं होतं पण कळलं नव्हतं. टेबलावर मोगल बाजू घेऊन सुरुंगाचा फासा हातात धरला, सगळं पायदळ उताराला लावून ठेवलेलं, तेव्हा पोटात गोळा आला तेव्हा कळलं.

आमच्यात एक काका आहेत, सैन्यातनं रिटायर झालेले, अपशिंग्याचे, म्हणजे ज्या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले ते गाव. काका टेबलाशी वाकतात, डोळा शिपायाच्या डोक्याच्या उंचीला आणतात आणि म्हणतात, "समोरनं काय चढतोयस, त्या घळीतनं जा की." स्वतः ज्या लढाईत होते ती मात्र ते टेबलावर मांडू देत नाहीत. आम्हीही विचारत नाही. दोनशे तीनशे वर्षांपूर्वीचं काहीही चालतं, आणि ते ज्या मायेनं डाव संपल्यावर एकेक शिपाई पुसून कापसात ठेवतात ते मला फार आवडतं.

एकदा मोठ्या शहरात स्पर्धेला गेलो होतो. घड्याळ लावून डाव, पॉइंट, नियमाच्या एकेका शब्दावर वाद, रंगवलेल्या शिपायांकडं बघायला कुणाला वेळ नाही. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर खेळावं पण मला ते नको. आमच्याकडं डाव मधेच थांबतो, चहा येतो, कुणीतरी कंदी पेढे आणलेले असतात, नियम आठवला नाही तर फासा टाकून पुढं जायचं. नऊ वर्षांत कोण किती वेळा जिंकलं ते कुणीही लिहून ठेवलेलं नाही.

रंगवणं तर मला खेळापेक्षा जास्त प्रिय. सेकंड शिफ्ट करून घरी आलो की रात्री अर्धा तास, झिरो नंबरचा ब्रश, आधी काळा प्रायमर, मग अंगरख्याचा पांढरा, मग पातळ केलेला तपकिरी रंग वरनं सोडायचा, तो आपोआप पागोट्याच्या घड्यांत जाऊन बसतो आणि एवढासा शिपाई एकदम माणूस दिसायला लागतो. मशीनचा आवाज डोक्यातनं जायला मला दुसरं काही लागत नाही. आठवड्याला दोन मावळे होतात, घाई कसलीय.

आणि हे महाग असतं असं समजू नका. विकतच्या परदेशी मूर्ती महाग आहेतच, पण कुंभाराकडचे मातीचे मावळे आहेत की. ते दोन तीन इंचांचे असतात म्हणून टेपऐवजी वितीनं मोजा. पायदळ एक वीत, घोडेस्वार दोन, तोफेचा पल्ला चार. फासा सापशिडीतला. पाच किंवा सहा पडला तर समोरचा मावळा आडवा. माझ्या भाच्यानं आणि त्याच्या मित्रांनी यंदा अंगणातल्या किल्ल्यावर असं खेळून चार दिवस मोबाईल हातात घेतला नाही.

म्हणून माझी विनंती आहे, पुढच्या दिवाळीत मंडळांनी परीक्षक येऊन गेल्यावर एक दिवस पोरांना किल्ल्यावर खेळू द्यावं, नंबर वगैरे काही न लावता. आणि शहरातल्या एखाद्या वाचनालयानं महिन्यातनं एका रविवारी मोठं टेबल दिलं तर शिपाई, डोंगर, फासे सगळं आम्ही आणतो, येईल त्याला शिकवतो, वयाची अट नाही.

सध्या आम्ही प्रतापगड करतोय, १० नोव्हेंबर १६५९. जावळीचं रान उभं करायला झाडं फार लागतात, काथ्या आणि हिरवा रंगवलेला भुसा वापरून आत्तापर्यंत साठ झाली, अजून तेवढीच पाहिजेत. कुणाच्या माळ्यावर जुने मातीचे मावळे पडले असतील, हात मोडलेले असले तरी, तर टाकून देऊ नका, आम्ही दुरुस्त करून पोरांना देऊ.

आपला,
एक वाचक, सातारा