सेन्सर हवेत, पण सेलचा कचरा नको

महोदय,

द्राक्षबागेतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरपासून सोसायटीच्या पाण्याच्या मीटरपर्यंत बिनतारी उपकरणे येत आहेत. त्यांच्या किमतीवर चर्चा होते. आतला सेल संपल्यावर काय, हे कोणी विचारत नाही.

प्रत्येकाला सेल लागतोच असेही नाही. जर्मनीत २००१ मध्ये सीमेन्समधून वेगळ्या झालेल्या एनओशन कंपनीचे दिव्याचे बटण पाहा. त्याला ना वायर, ना सेल. बटण दाबले की चुंबकाची हालचाल होते, तारेच्या वेटोळ्यात क्षणभर वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर रेडिओ संदेश दिव्यापर्यंत पोहोचतो. शाळेत घोकलेला फॅरेडेचा नियम, दुसरे काही नाही!

अर्थात, सेलशिवाय चालण्याला मर्यादा आहेत. प्रकाशावर वीज बनवणाऱ्या उपकरणांचेच घ्या. भर उन्हात प्रकाश लाखभर लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, कार्यालयात जेमतेम ३०० ते ५००. घरातली छोटी सौरपट्टी त्यावर मायक्रोवॉटमध्येच, म्हणजे वॉटच्या दहा लाखाव्या भागांत मोजावी इतकीच, वीज देते. तेवढ्यात अधूनमधून तापमान कळवता येईल, कॅमेरा चालणार नाही. तसा दावा करणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवावे.

२०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण बांधावर फेकलेला सेल उचलायला कोण येणार? म्हणून शेतीच्या सेन्सरना अनुदान देताना, जिथे लख्ख ऊन आहे तिथे तरी फेकाऊ सेलवरची उपकरणे सरकारने नाकारावीत.

– एक वाचक, नाशिक