धक्का लहान होता, पण माळवद किती जड आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिंगोली-नांदेड-परभणी पट्ट्यात जमीन हादरली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तीन गोष्टी हमखास असतात: रिश्टरचा आकडा, केंद्रबिंदू आणि 'जीवितहानी नाही'. 21 मार्च 2024 च्या सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी 4.5 चा आणि लगेच 6 वाजून 19 मिनिटांनी 3.6 चा धक्का बसला तेव्हा हेच छापून आले. त्याच वर्षी 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5 चा बसला, तेव्हाही हेच. आयुष्यात पहिल्यांदा भूकंप अनुभवलेल्या माणसाला यातले काही उपयोगी पडत नाही. अंगणात उभ्या असलेल्या त्या माणसाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: आता आत जायचे का, आणि गेल्यावर आधी काय बघायचे.

धक्क्याआधीच्या धडधडीला 'गूढ आवाज' म्हणणारा मथळा मात्र आता पुरे. भूकंपाची पहिली लहर खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने येते. घर हलवणारी दुसरी लहर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पहिली लहर जमिनीतून बाहेर पडताना तिचा काही भाग हवेत आवाज म्हणून उमटतो. म्हणून आधी धडधड ऐकू येते आणि मागून भांडी वाजतात. उगम दहा किलोमीटरवर असेल तर दोन्हींत जेमतेम सव्वा सेकंदाचे अंतर पडते. ऐंशी किलोमीटरवर असेल तर दहा सेकंदांचे. सेकंद मोजून आठाने गुणले की अंतराचा ढोबळ अंदाज येतो. आपल्याकडचे धक्के उथळ असतात, त्यामुळे दोनच्या खालचा भूकंप गावाखालीच झाला तर नुसता ऐकू येतो, जाणवत नाही. त्यात गूढ काही नाही.

प्रत्यक्ष धक्क्याच्या वेळी करण्यासारखे फार थोडे असते. चार-साडेचारचा हादरा काही सेकंदच टिकतो. उठून चप्पल शोधेपर्यंत तो ओसरलेला असतो. इजा होते ती बहुधा धावपळीत. 1 फेब्रुवारी 2019 ला डहाणू भागात धक्क्यानंतर बाहेर पळताना पडून दोन वर्षांची मुलगी दगावली होती. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत असाल तर आतच थांबा, मजबूत टेबलाखाली बसा, टेबलाचा पाय धरा. जिन्याकडे आणि लिफ्टकडे जाऊ नका. दगड-मातीच्या माळवदाच्या (लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेल्या सपाट छपराच्या) घराला हा नियम जसाच्या तसा लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे दार दोन-तीन पावलांवर आणि समोर खरोखर मोकळी जागा असेल तर बाहेर पडावे. मात्र दोन्ही बाजूंनी दगडी भिंती असलेला बोळ म्हणजे मोकळी जागा नव्हे. दार लांब असेल तर जड पलंगाखाली किंवा टेबलाखाली डोके झाकून बसावे.

बाहेर आल्यावर अर्धा तास तरी थांबावे. मार्चमध्ये दुसरा धक्का अकरा मिनिटांनी आला होता. मग एकाच मोठ्या माणसाने आत जाऊन आधी गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. वास येत असेल तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे. वास नसेल तर नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. त्यानंतर वर बघावे. पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड हा आपल्या भागातला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. ते उतरवून पत्रे हुक-बोल्टने आवळण्याचा खर्च फार नाही. कठड्याजवळ चार विटांवर ठेवलेली पाचशे लिटरची टाकी भरलेली असताना अर्ध्या टनाची होते. पाळण्यावर किंवा अंथरुणाच्या जागेवर दोन खिळ्यांना लटकवलेली भांड्यांची मांडणी त्याच दिवशी हलवावी.

आता भिंती. भेग दिसली की लोक घाबरतात, पण काळ्या जमिनीवरच्या घरांना भेगा काही नव्या नाहीत. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते आणि पाया वर-खाली होतो. भेग जुनी की नवी हे सहज ओळखता येते. जुन्या भेगेत धूळ, जाळी, रंगाचे ओघळ असतात. नवीची कड स्वच्छ आणि धारदार असते. प्लास्टरवरची केसासारखी भेग किंवा काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची सरळ रेघ सहसा चिंतेची नसते. चिंतेची भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघते, भिंतीच्या आरपार जाते, किंवा खांबाच्या वरच्या-खालच्या टोकाशी असते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. मधोमध काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवावी. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे, अभियंत्याला बोलवा.

दगड-मातीच्या भिंतीत मात्र भेगेपेक्षा पोट, म्हणजे भिंतीचा फुगवटा, महत्त्वाचे. दोन-अडीच फूट जाडीची ही भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण ती प्रत्यक्षात दोन वेगळ्या भिंतींची असते. मध्ये नुसता चुरा आणि माती. आरपार जाणारे जोडदगड नसले की प्रत्येक लहान धक्क्याला मधला चुरा खाली बसतो आणि पाचरीसारखा दोन्ही अंगांना बाहेर ढकलतो. घरात बसणाऱ्याला ते दिसत नाही. ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) वरून सोडून दर दोन फुटांवर भिंतीपासूनचे अंतर मोजा, आकडे लिहून ठेवा, पुढच्या धक्क्यानंतर पुन्हा मोजा. आकडे बदलले असतील तर त्या भिंतीलगत कुणी झोपू नये. दुरुस्ती होते: भिंतीत तीनेक इंचांचे आरपार भोक पाडून, दोन्ही टोके वाकवलेली 8 मिलिमीटरची सळई घालून ते काँक्रीटने भरतात. असे टाके उंचीत दोन फुटांवर, लांबीत सुमारे तीन-साडेतीन फुटांवर. भोक एका वेळी एकच, तेही दगड हळूच सैल करून. घण मारला तर भिंत तिथेच बसते. त्याच्या जोडीला दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींभोवती जाळी आणि सिमेंटचा सलग पट्टा फिरवला की चारही कोपरे बांधले जातात. पट्टा एका भिंतीवर सोडला तर बाकीचा खर्च वाया गेला म्हणून समजा.

खरे ओझे डोक्यावर असते. माळवद गळते म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर पडतो, जुना कुणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साधारण साडेचार टन. दोन फूट असेल तर नऊ. हे वजन हलले की भिंतीला ढकलते आणि भिंत गेली की सगळे खाली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत माणसे मुख्यतः दगड आणि मातीखाली गाडली गेली. थर सात-आठ इंचांवर आणावा, गळतीसाठी मध्ये जाड प्लॅस्टिक अंथरावे. काम उन्हाळ्यात करावे, आधी तुळयांना टेकू द्यावेत आणि माती सगळीकडून सारखी उतरवावी. एका कडेला ढीग केला तर नको ते त्याच दिवशी घडते.

लहान धक्क्यांनी जमिनीतला ताण निघून जातो, हा दिलासा चुकीचा आहे. किल्लारीच्या 6.2 च्या भूकंपाएवढी ऊर्जा निघायला 4.5 चे साडेतीनशे धक्के लागतील. उलट, लहान धक्के म्हणजे हमखास मोठ्याची नांदी हेही तितकेच निराधार. किल्लारीला 1992 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात लहान धक्के बसत होते आणि वर्षभराने मोठा आला. पालघरात नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, पण तिथे किल्लारी झाली नाही. तेव्हा 'रात्री दोन वाजता मोठा येणार' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप थेट पुसावा. भूकंपाची वेळ जगात कुणालाच सांगता येत नाही. त्या निरोपाच्या भरवशावर पावसाळ्यात रात्रभर बाहेर झोपलेल्यांना विंचू-सापाची भीती भूकंपापेक्षा जास्त. नकाशावरही विसंबू नये: 1993 साली किल्लारी देशाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. 2002 च्या सुधारणेत तो विभागच काढून टाकला.

एक विनंती प्रशासनाला. धक्क्यानंतरच्या पाहणीत 'पडझड नाही' एवढीच नोंद न करता प्रत्येक माळवदाच्या घरापुढे तीन रकाने भरून घ्यावेत: माळवदावरच्या मातीची जाडी, भिंतीला पोट आहे का, जोडदगड आहेत का. टेप आणि ओळंबा घेतलेला माणूस दिवसात वीस घरे सहज पाहू शकतो. आणि एक आपल्याला: पुढच्या बातमीत रिश्टरच्या आकड्याशेजारी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक आणि सिलिंडर बंद करण्याची ओळ छापावी.

आपले,
घरांच्या तपासणी-दुरुस्तीचे काम करणारे स्थापत्य अभियंते, नांदेड